गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

घाटकोपरच्या डोंगरावर माणूस कधी हरवत नाही, तो गावाला जातो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाला पोलिसांनी उचललं, तरी चाळीत विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळतं: गावाला गेलाय. विचारणाराही कोकणातलाच असतो. तो मान डोलावतो आणि पुढे चालू लागतो, कारण उद्या आपल्या घरातलं कुणी असंच गावाला जाणार नाही याची त्यालाही खात्री नसते.

धर्मा घाडीचा थोरला मुलगा बाळा असाच गावाला गेला होता. म्हणजे तो बदलापूरच्या पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. घरोघरी पार्सलं पोचवता पोचवता तो पावडरीच्या नादाला लागला. आधी त्याची झोप उडाली, मग भूक, मग घरातल्या वस्तू. शेवटी एका सकाळी तो स्वतःच आईच्या पायाशी बसला आणि मला कुठेतरी नेऊन टाका म्हणाला. सुलक्षणाने त्याला नेऊन टाकलं आणि चाळीत सांगितलं, काजूच्या बागेची राखण करायला कुणीतरी हवं होतं.

या थापेत एकच खोट होती. गावाहून आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. बाळा परत आला त्या दिवशी शेजारची कमलकाकू दारात हजर झाली, गावाक काय पीकपाणी, विचारत. तिची नजर मात्र बाळाच्या पिशवीवर होती. सुलक्षणा मागच्या दाराने सटकली, स्टेशनजवळच्या दुकानातून गुळात घोळवलेलं मालवणी खाजं घेऊन आली, खोक्यातून काढून जुन्या वर्तमानपत्रात बांधलं आणि घरोघर वाटलं. बाळाने गावावरनं आणलंय म्हणून. बाळा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता आणि दारातून आत डोकावणारी प्रत्येक बाई त्याला म्हणत होती, गावचा वारा मानवला हो तुला.

ऋतिकाला, म्हणजे बाळाच्या धाकट्या बहिणीला, याचा भयंकर राग यायचा. ती नववीत होती आणि राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे. तिचं म्हणणं साधं होतं. माणूस आजारी पडला, दवाखान्यात गेला, बरा होऊन आला. मलेरिया झालेल्याला कोण गावाला पाठवतं? पण हे मोठ्याने म्हटलं की आई तिच्या तोंडावर हात ठेवायची आणि बाप टीव्हीचा आवाज वाढवायचा.

बापाचं तर वेगळंच होतं. धर्मा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्वतःच्या घरात तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसला होता. बाळा परत आल्यापासून तो त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मीठ हवं असेल तर तो ऋतिकाला सांगे, बाळाला सांग मीठ दे. बाळा हातभर अंतरावर बसलेला असे.

घाडी आडनाव काही उगाच नव्हतं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाला सगळ्यांसमोर हाक मारायची, मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. धर्माचा बाप गिरणीत लागला तेव्हा हा मान त्याच्यासोबत मुंबईत आला आणि आता चाळीच्या गणपतीपुढे धर्मा गाऱ्हाणं घालायचा. चाळीतल्या प्रत्येक घरातल्या पोराबाळांची नावं तो घ्यायचा, एकही न विसरता. मागच्या गणपतीत त्याने सगळी नावं घेतली. कमलकाकूच्या कॅनडातल्या नातवाचं सुद्धा घेतलं. बाळाचं घेतलं नाही.

हे ऐकलं सगळ्यांनी. बोललं कुणीच नाही. ऋतिकाने घरी आल्यावर विचारलं तेव्हा धर्मा म्हणाला, नाव घ्यायला नाव तरी उरायला हवं.

लहानपणी ऋतिकाने एकदा हट्ट धरला होता, मीपण गाऱ्हाणं घालणार. चेडवांनी, पोरींनी घालायचं नसतं, असं सांगून धर्माने तिला गप्प केलं होतं. पण एक गोष्ट त्याने तेव्हा समजावली होती. गाऱ्हाणं कुणीही घालो, अगदी दुश्मनाने घातलं तरी, कानावर पडलं की 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच. उत्तराविना राहिलेलं गाऱ्हाणं देवाकडे जात नाही. जो गप्प बसला त्याच्या उंबऱ्यावर येऊन बसतं. ऋतिकाने ते पक्कं लक्षात ठेवलं. तिच्या लक्षात नको त्या गोष्टी राहत, असं शाळेतले शिक्षकही म्हणत.

त्या वर्षी शाळेत पोलिसांचा अमली पदार्थविरोधी उपक्रम सुरू झाला. दर शनिवारी एक पोलीस येणार आणि नशेपासून लांब कसं राहायचं ते शिकवणार, असं सांगितलं तेव्हा वर्गात चुळबुळ झाली. पोरांना वाटलं कुणीतरी मिशीवाला हवालदार येईल आणि दटावून जाईल. आल्या दर्शना मॅडम. वेसाव्याच्या कोळीण. आईची मासळीबाजारातली जागा त्यांनी घेतली नव्हती, आवाज मात्र घेतला होता. मागच्या बाकावरच्यालाही झोपायची सोय नव्हती.

त्यांनी सांगाड्यांचे फोटो दाखवले, ते पोरांनी आधीच मोबाइलवर पाहिले होते. मग फोटो बाजूला ठेवून त्यांनी एक वेगळीच गोष्ट शिकवली, आणि ती मात्र वर्गाला आवडली. त्यांनी नाही म्हणायला शिकवलं.

त्यांचं म्हणणं होतं की नाही म्हणायला ताकद लागत नाही, सराव लागतो. डोळे खाली घालायचे नाहीत. हसायचं नाही. आणि कारण द्यायचं नाही. आज पोट दुखतंय म्हणालात तर समोरचा म्हणेल, मग उद्या घे. कारण दिलं की तो त्या कारणावर औषध शोधतो. नुसतं नाही म्हणा आणि उभे राहा.

मग सराव झाला. अल्पेश पुडी विकणारा झाला, कारण त्याचे केस तसे होते. तो एकेकाला पटवत फिरला आणि वर्गातली अर्धी पोरं हसून फसली. ऋतिकापुढे आल्यावर त्याने बरीच लाडीगोडी लावली. ऋतिका त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, नाही. ते असं म्हणाली की अल्पेश पुढचं वाक्यच विसरला. दर्शना मॅडमनी टाळी वाजवली. वर्षाअखेरीच्या मोठ्या कार्यक्रमात पोलीस उपायुक्त येणार होते, पालकही येणार होते, आणि सगळ्या शाळेला नशामुक्तीची शपथ द्यायची होती. ती कोण देणार हे त्या टाळीबरोबरच ठरलं. ऋतिकाच्या छातीवर 'नशामुक्ती दूत' असं लिहिलेला पितळी बिल्ला लागला. धर्माने तो बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपला पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणाला तरी मिरवावंसं वाटत होतं.

शपथेचा कागद मराठीच्या सुबोध सरांनी दिला. ऋतिकाने तो घरी आणला आणि ओट्याजवळ उभी राहून मोठ्याने म्हणू लागली. मी कोणत्याही अमली पदार्थाचे सेवन करणार नाही. कोणी त्याची विक्री करताना आढळल्यास पोलिसांना कळवीन. इथवर ती फडाफडा म्हणत गेली. पुढची ओळ होती: नशा करणाऱ्या किंवा केलेल्या व्यक्तीशी मी कोणताही संबंध ठेवणार नाही.

तिचा आवाज मध्येच बसला. भाकरी थापणाऱ्या सुलक्षणाचं लक्ष तव्याकडे होतं. ती म्हणाली, मोठ्यान म्हण गो, घाबरतस कशाक.

बाळा माळ्यावर पंखा पुसत होता. तो खाली उतरला, हात धुतले आणि ती ओळ परत म्हणायला सांगितली. ऋतिकाने कागद पाठीमागे लपवला. त्याने तो हळूच काढून घेतला, वाचला, घडी घालून परत दिला आणि छान येतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून येताना तो तिला चढणीच्या तोंडाशी भेटला. नालासोपाऱ्यात एका जुन्या ओळखीच्याकडे खोली आहे, कार्यक्रम झाला की तिकडे जाणार, असं त्याने सांगितलं. केंद्रातून निघताना तिथल्या डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, तेव्हा ऋतिकाही शेजारीच उभी होती. याला निदान पहिलं वर्ष एकटं ठेवू नका. एकटा राहिला की जुने दोस्त वास काढत येतात. आणि जुनी ओळख नालासोपाऱ्यातली म्हणजे कुठली, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

"तू जायचं नाहीस," ती म्हणाली.

"तू शपथ घेणार ना सगळ्या शाळेसमोर? मग मी त्याच घरात जेवत असलो तर ती खोटी पडते. आईशप्पथ, माझ्यामुळे तू खोटी पडलेली मला नाही चालणार."

"मग मी नाही घेत शपथ."

"येडी आहेस का? बाबांनी शर्ट इस्त्रीला टाकलाय गं." एवढं बोलून तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. "ते माझ्याशी बोलत नाहीत तोवर मी कुठेही राहिलो तरी काय फरक पडतो? तिकडे निदान कुणी गावाकडची हवा कशी होती विचारणार नाही."

ऋतिका त्या रागातच दुसऱ्या दिवशी सुबोध सरांकडे गेली. तिने सगळी शपथ काढायला सांगितली नाही, फक्त दोन शब्द. 'किंवा केलेल्या' एवढे खोडा, म्हणाली. करणाऱ्यापासून लांब राहायचं ते समजलं, पण ज्याने सोडली त्याच्यापासून का? सुबोध सरांनी चष्मा वर करून ओळ वाचली, आणि व्याकरणदृष्ट्या वाक्य शुद्ध आहे असा निर्वाळा दिला. शिवाय कागद वरून आलेला होता. वरून आलेल्या कागदात सरांनी आयुष्यात स्वल्पविरामही बदलला नव्हता. तुला जमत नसेल तर अल्पेश देईल शपथ, ते म्हणाले, पण कारण सांगावं लागेल.

कारण तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं की गावाला गेलेला बाळा चाळभर परत यायचा, आणि या वेळी खाज्याशिवाय.

मग ती दर्शना मॅडमना गाठायला गेटजवळ थांबली. मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. त्या मोटारसायकलवरून उतरल्या आणि नीट ऐकून घेतलं. ओळ कडक आहे हे त्यांनी कबूल केलं. पण ती उगाच आलेली नाही, असंही म्हणाल्या. त्यांच्या वाड्यातली, त्यांच्या बरोबर खेळलेली पोरं अशी एकामागून एक गेली होती. बिघडलेला एक जण चार जणांना ओढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दोस्तीपायी गेली, म्हणून दोस्ती तोडायची.

"आणि जो परत आला, त्याने कुठे जायचं?" ऋतिकाने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "कोण आलंय परत?"

ऋतिकाच्या जिभेवर नाव आलं होतं. ते तिने गिळलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "सगळे गावाला गेलेत."

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगणात मांडव घातला होता. पुढच्या रांगेत सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यामागे बंदोबस्ताचे हवालदार. डोंगरावरची निम्मी चाळ लोटली होती, कारण नंतर वडापाव आणि चहा होता. कमलकाकू सगळ्यांच्या आधी येऊन पंख्यासमोर बसली होती. धर्मा कडक इस्त्रीच्या शर्टात सुलक्षणाशेजारी ताठ बसला होता. बाळा गेटपर्यंत आला आणि तिथेच थांबला. आत ये म्हटलं तर म्हणाला, पोलीस आहेत गं एवढे, माझे पाय जड होतात. गजांमधून त्याचा निळा शर्ट स्टेजवरून दिसत होता.

भाषणं झाली. उपायुक्त साहेब लांबच्या राज्यातले होते, पण त्यांनी चार वाक्यं मराठीत बोलून टाळ्या मिळवल्या. मग सुबोध सरांनी ऋतिकाचं नाव पुकारलं. पालक बसून राहिले, सगळी शाळा उभी राहिली आणि उजवा हात पुढे झाला. ऋतिका एकेक वाक्य म्हणू लागली आणि पटांगण तिच्या मागून म्हणू लागलं. सेवन करणार नाही. पोलिसांना कळवीन. दोन्ही वाक्यं तिने मनापासून म्हटली, कारण दोन्ही तिला पटलेली होती. पुडी विकणारा तिच्या हाती लागता तर तिने पोलिसांची वाटही पाहिली नसती.

मग ती थांबली.

पटांगण हात पुढे करून वाट बघत राहिलं. सुबोध सरांना वाटलं पोरगी विसरली. त्यांनी कडेनं कुजबुजत आठवण केली, नशा करणाऱ्या किंवा केलेल्या. ऋतिका हलली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी माइकमध्ये जाईल इतक्या जोरात. ऋतिका त्यांच्याकडे वळली. तिने डोळे खाली घातले नाहीत, ती हसली नाही आणि तिने कारण दिलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

माइक चालू होता. ते 'नाही' गेटबाहेर रिक्षावाल्यांपर्यंत गेलं. स्टेजच्या पायरीशी उभ्या असलेल्या दर्शना मॅडमनी मान वर केली. आपण शिकवलेली गोष्ट त्यांनी लगेच ओळखली.

सर पुढे होऊन माइक घेणार एवढ्यात ऋतिकाने तो स्टँडवरून काढून घेतला, दोन पावलं पुढे आली, आणि बापासारखी मान वर करून तिने हाक घातली.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या धन्या, चाळीच्या राखणदारा!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यात मागून, बंदोबस्ताच्या रांगेतून, देवगडकडचा एक वयस्क हवालदार सवयीने बोलून गेला, "व्हय म्हाराजा." बोलल्यावर त्याने जीभ चावली. पण तोवर चाळीतल्या माणसांच्या तोंडून ते आपोआप आलं होतं. पोरं खुसखुसली आणि तीही सामील झाली. दर गणपतीला मूठभर प्रसादासाठी तीच पोरं तेच शब्द ओरडत असत, अल्पेशसकट.

"आज ह्या पटांगणात तुझी सगळी लेकरा जमली आसत. शाणी आसत, वांड आसत, पण सगळी तुझीच आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या डोंगरावर जो कोण पुडी विकूक येता, तेची वाट बंद कर. तेका पोलिसांच्या हातात दी."

"व्हय म्हाराजा!" हे फारच जोरात झालं. त्यात हवालदारांची सगळी रांग होती.

धर्मा बसल्या जागी गोरामोरा झाला होता. पोरीने गाऱ्हाणं घालावं, तेही शाळेत, तेही पोलिसांपुढे. पण त्याचेही ओठ प्रत्येक वेळी हलत होते. जन्माची सवय होती, ती काही इस्त्रीच्या शर्टाने जात नाही. ऋतिका त्याच्याकडेच बघत होती. तिला ठाऊक होतं ती काय करतेय.

"आणि जो कोण त्या वाटेक गेलो आसात, तेका परत हाड. परत इलो, तर तेका दार उघडूची बुद्धी आमका दी."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, जरा दमाने.

"माझो भाव बाळा त्या वाटेक गेल्लो." तिने गेटकडे हात केला. "तो गावाक नव्हतो. तो आजारी होतो. आता तो परत इलो आसा, आणि थय गेटाबाहेर उभो आसा. तेचा नाव गणपतीच्या गाऱ्हाण्यात घेवचा रवला होता. ता आज मी घेतंय. बाळा धर्मा घाडी. तेका आमच्यात रवांदे, रे म्हाराजा."

कुणी काही बोललं नाही.

माणसांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. कमलकाकूने पदर तोंडाशी नेला. कुणी मोबाइल वर धरून चित्रीकरण करत होतं, त्याचाही हात खाली आला. गेटाबाहेरचा निळा शर्ट गजांपासून एक पाऊल मागे सरकला. तिथून निघून जायला तेवढंच पाऊल पुरेसं होतं, हे ऋतिकाला स्टेजवरून स्पष्ट दिसत होतं. ती बापाकडे बघत उभी राहिली. उत्तराविना राहिलेलं गाऱ्हाणं कुणाच्या उंबऱ्यावर येऊन बसतं, ते तिला त्यानेच शिकवलं होतं.

धर्माने एकदा गेटकडे बघितलं. मग तो सावकाश उठला, कारण हे बसून म्हणायचं नसतं.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

त्याचा गाऱ्हाण्याचा आवाज चाळीत प्रसिद्ध होता. त्या दिवशी तो निम्माही निघाला नाही, पण शांततेमुळे सगळ्यांना ऐकू गेला. त्याच्यामागून सुलक्षणा म्हणाली. मग देवगडचा हवालदार. मग सगळं पटांगण म्हणालं, काही जण रडत, काही जण नुसतं शेजारचा म्हणतोय म्हणून.

उपायुक्त साहेबांना हा सांस्कृतिक कार्यक्रमाचा भाग वाटला आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यामुळे सुबोध सरांची पंचाईत झाली. साहेबांसमोर रागावता येईना. त्यांनी चहाच्या वेळी ऋतिकाला बाजूला घेतलं आणि शिस्त, संस्था, वरून आलेला कागद यावर बरंच ऐकवलं. दूताने शपथ मोडली म्हणजे काय, ते म्हणाले. घेतलीच नाही तर मोडेन कशी, असं ऋतिका म्हणाली आणि त्यांनी मागायच्या आत बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. पितळेचाच होता.

दर्शना मॅडम तिला मांडवाच्या कनातीपाशी भेटल्या. हातात अर्धा वडापाव होता.

"माझा नियम मोडलास तू," त्या म्हणाल्या. "नाही म्हटल्यावर कारण द्यायचं नसतं. तू अख्ख्या शाळेला दिलंस."

"ते 'नाही' सरांसाठी होतं. कारण बाबांसाठी."

मॅडमनी उरलेला वडापाव कागदात गुंडाळला. ते दोन शब्द मी वर कळवते, म्हणाल्या, पण खोडतीलच असं नाही. ऋतिकाला ते आवडलं. खोटा दिलासा देणाऱ्यांचा तिला कंटाळा आला होता.

घाडी कुटुंब गेटाबाहेर आलं तेव्हा बाळा अजून तिथेच होता. रिक्षाच्या आडोशाला उभा, डोळे लाल झालेले. नशेने लाल झालेले डोळे घराने पुष्कळ पाहिले होते. हे तसले नव्हते. धर्मा त्याच्यासमोर थांबला आणि हातातल्या पिशवीचे बंद उगाच घट्ट करू लागला. नेमकी तेव्हाच कमलकाकू मागून आली.

"काय रे धर्मा," ती म्हणाली, "तुझो झिल तर गावाक होतो ना?"

तो प्रश्न चाळीने वर्षभर विचारला होता आणि घाडींच्या घराने वर्षभर त्याला मान डोलावली होती. धर्मा वळला.

"गावाक नव्हतो, कमल. पावडरीच्या नादाक लागल्लो. दवाखान्यात होतो. बरो होवन इलो." रस्त्यावरची चार माणसं थांबली, तरी त्याने आवाज खाली केला नाही. "आणि ता खाजा टेसनाकडच्या दुकानातला होता."

"ता माका पयल्याच घासाक कळला होता," कमलकाकू म्हणाली. "गावच्या खाज्यात आल्याचो झटको जास्त आसता." आणि ती आपल्या वाटेने चढण चढू लागली.

सुलक्षणाने कपाळावर हात मारून घेतला. ऋतिका हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. बाळा मात्र अजून अवघडूनच उभा होता. बापाने त्याच्याबद्दल बोललेलं त्याने ऐकलं होतं, त्याच्याशी बोललेलं अजून नाही.

"बाबा," तो चाचरत म्हणाला, "उद्या मी नालासोपाऱ्याक जातंय. खोली बघूक."

दर्शना मॅडमच्या तासाला धर्मा कधी बसला नव्हता. त्याने मुलाच्या डोळ्यात डोळे घातले. तो हसला नाही, आणि त्याने कारणही दिलं नाही.

"नाय," तो म्हणाला, आणि हातातली पिशवी बाळाकडे दिली.